राजाच्या वहीतलं ‘काही नाही’

सोळावा लुई शिकारीची वही नेमानं लिहीत असे. कोणत्या दिवशी कुठल्या रानात गेलो, किती जनावरं पडली, याच्या नोंदी त्या वहीत आहेत. १४ जुलै १७८९ या तारखेपुढे एकच शब्द आहे: ‘रियँ’. काही नाही. त्या दिवशी पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला पडला, म्हणून या नोंदीकडे बोट दाखवून लुईला बेफिकीर ठरवायची रीत पडली आहे. मला ते पटत नाही. शिकारीच्या वहीत त्यानं शिकार झाली नाही एवढंच लिहिलं, आणि बॅस्टिलची पुरती हकिकत व्हर्सायच्या राजवाड्यात पोचेपर्यंत रात्र झाली होती. मला ओढ लागते ती त्या शब्दाच्या कुळाची.

‘रियँ’चा अर्थ आज ‘काही नाही’ असला तरी त्याचा बाप नकारार्थी नव्हता. लॅटिनमध्ये ‘रेस’ म्हणजे वस्तू, गोष्ट, मालमत्ता. त्याचं द्वितीयेचं रूप ‘रेम’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘रियँ’ झालं तेव्हाही अर्थ ‘एखादी गोष्ट’ असाच होता. पण तो शब्द पुन्हा पुन्हा नकाराशेजारी येऊ लागला. ‘एक गोष्ट दिसत नाही’, ‘एक गोष्ट उरली नाही’ असं शतकानुशतकं बोलता बोलता नकार त्या शब्दातच मुरला. आपल्याकडे ‘छदाम’ आणि ‘कवडी’ या दोघी ‘छदाम नाही’, ‘कवडीची किंमत नाही’ अशा नकाराच्या सोबतीनंच जगतात, पण त्या अजून नाणंच आहेत. फ्रेंचांची ‘गोष्ट’ मात्र पुरती शून्य झाली.

त्याच ‘रेस’ला एक दुसरं अपत्य झालं. ‘रेस पुब्लिका’, म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली गोष्ट. त्याचं फ्रेंचमध्ये ‘रेप्युब्लिक’ झालं. राजाच्या वहीतलं ‘काही नाही’ आणि तीन वर्षांनी त्याची गादी मोडणारं प्रजासत्ताक, दोन्ही एका मुळाची. फ्रान्सची राज्यक्रांती पायरी पायरीनं कशी पुढे गेली हे पाहायचं तर तोफा आणि तारखा आहेतच, पण मला वाटतं की लोकांनी स्वतःला आणि राजाला कोणकोणत्या नावांनी हाक मारली हे क्रमानं पाहिलं, तर ती अधिक जवळून दिसते.

‘रियँ’ हा शब्द त्या वर्षी राजाच्या आधी दुसऱ्या एकानं लिहिला होता. जानेवारी १७८९ मध्ये सियेस नावाच्या पाद्र्यानं एक पत्रक छापलं. ‘तिसरा वर्ग’ म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न. उमराव आणि धर्मगुरू सोडून उरलेले सगळे, शेतकरी, वकील, सुतार, दुकानदार, हमाल, हे तिसऱ्या वर्गात. सियेसचं म्हणणं असं की देश चालवणारं सर्व काही हाच वर्ग आहे आणि राज्यव्यवस्थेत मात्र त्याची गणती आजवर शून्य. त्या शून्यासाठी त्यानं वापरलेला शब्द ‘रियँ’. एका शब्दात एका राज्याचा सगळा हिशेब मावला.

‘वर्ग’ असं आपण मराठीत म्हणतो; मूळ फ्रेंच शब्द ‘एता’. लॅटिन ‘स्तातुस’वरून आलेला, म्हणजे उभं राहणं, असलेली जागा. संस्कृतातला ‘स्था’ धातू त्याचाच भाऊबंद, म्हणून ‘स्थिती’, ‘स्थान’, ‘संस्था’ हे आपले शब्द त्याच्या नात्यातले. इंग्रजीत गेल्यावर त्याचं ‘इस्टेट’ झालं, आणि मराठी माणसाला इस्टेट म्हटल्यावर सात-बाराचा उतारा आठवतो. अर्थ बदलला तरी गाभा एकच: कोण कुठे उभा आहे आणि त्याच्या पायाखाली किती जमीन आहे. या तिन्ही ‘एतां’ची सभा फ्रान्समध्ये १६१४ नंतर भरलीच नव्हती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ओतलेला पैसा आणि त्याआधीची कर्जं यांनी खजिना खंक झाला, नवा कर लावायचा तर सभा बोलावणं भाग पडलं, आणि ५ मे १७८९ ला ती व्हर्सायला भरली. भांडण पहिल्याच दिवसापासून मतमोजणीचं. दर वर्गाला एक मत धरलं तर दोन वर्ग मिळून तिसऱ्याला कायम हरवणार. डोकी मोजली तर तिसऱ्या वर्गाचा आवाज पडणार नाही, कारण त्याचे प्रतिनिधी संख्येनं उरलेल्या दोघांइतके होते.

पाच-सहा आठवडे या घोळात गेले. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी ठरवलं की आता आपण स्वतःच देशाचं काम सुरू करायचं. प्रश्न उभा राहिला नावाचा. आपण स्वतःला म्हणायचं काय? जूनच्या मध्यावर झालेली ही चर्चा मला त्या सगळ्या वर्षातली सर्वांत थरारक घटना वाटते. तिच्यात रक्ताचा थेंबही नाही, आहे ती शब्दांची ओढाताण. सियेसनं सुचवलेलं नाव लांबलचक होतं: फ्रेंच राष्ट्राच्या ज्ञात आणि तपासलेल्या प्रतिनिधींची सभा. मिराबो स्वतः उमराव, पण तिसऱ्या वर्गातून निवडून आलेला. त्यानं म्हटलं, ‘फ्रेंच लोकांचे प्रतिनिधी’ एवढंच म्हणा. ‘लोक’साठी त्याचा शब्द ‘पप्ल’. त्यावर सभेतल्या कायदेपंडितांनी हरकत घेतली. हा ‘पप्ल’ लॅटिनमधला ‘पोपुलुस’ की ‘प्लेब्स’? पोपुलुस म्हणजे समस्त जन. प्लेब्स म्हणजे खालचे, सामान्य, बिनहुद्द्याचे. तुम्ही ‘पप्ल’ म्हणाल, दरबार त्याचा अर्थ ‘प्लेब्स’ घेईल, आणि आपण पुन्हा होतो तिथेच राहू.

हा पेच मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्या हाताशी यासाठी जितके शब्द आहेत त्यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी नजरेतून घडलेला आहे. ‘रयत’ अरबीतून आला. त्याचं मूळ चारण्याशी, राखण्याशी जोडलेलं. रयत म्हणजे मेंढपाळानं राखलेला कळप. शिवकाळातल्या कागदांनी आणि पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं या शब्दाला जी माया लावली, तिनं त्याचं कळपपण पुसून टाकलं, पण मुळात मेंढपाळ आहेच. ‘प्रजा’ म्हणजे जन्माला घातलेली, संतती. प्रजा म्हटलं की कुणीतरी बाप ठरलेला. ‘जनता’ त्या मानानं मोकळा शब्द, तिथे फक्त जन्मलेले जन आहेत.

शेवटी नाव सापडलं ते बेरी प्रांताच्या लग्राँ नावाच्या प्रतिनिधीच्या सूचनेतून: ‘आसांब्ले नासिओनाल’, राष्ट्रीय सभा. १७ जून १७८९ ला ४९१ मतांनी ते मंजूर झालं. ‘नासिओ’ म्हणजे जन्मानं एक असलेले लोक, आणि त्यातला जन्म संस्कृत ‘जन्’शी सख्ख्या नात्याचा. प्रजा, जनता, नेशन ही एका धातूची मुलं. मात्र मराठीनं या ठिकाणी ‘राष्ट्र’ निवडला, आणि ‘राष्ट्र’ आला ‘राज्’ धातूपासून, ज्यातून ‘राजा’ आला. म्हणजे फ्रेंचांनी राजाला वगळून जो शब्द घेतला, त्याच्या आपल्या भाषांतरात राजा मुळाशी बसलेला आहे.

माझ्या मते क्रांती झाली ती त्या दिवशी. नाव घेतल्याबरोबर त्या सभेनं जाहीर केलं की आमच्या संमतीवाचून चाललेले कर बेकायदा, आणि आम्ही बसलो आहोत तोवर ते तात्पुरते चालू ठेवायला आमची हरकत नाही. कालपर्यंत अर्ज करणारे लोक राजाला परवानगी देऊ लागले. तीन दिवसांनी सभागृह बंद मिळालं तेव्हा ते जवळच्या चेंडूच्या आखाड्यात जमले आणि राज्यघटना दिल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. ती शपथ चित्रांमुळे अजरामर झाली. नाव घेण्याचा प्रसंग कुणी तितका रंगवला नाही.

१४ जुलैला बॅस्टिलला गर्दी गेली ती बंदुकीच्या दारूसाठी. आत कैदी फक्त सात होते. चार पौंडी पाव साडेचौदा सूला झाला होता आणि बांधकामावरच्या मजुराची दिवसाची कमाई पंचवीस-तीस सू. चूल पेटवायची की भाडं द्यायचं हा प्रश्न घराघरात होता. (आपला ‘तुरुंग’ पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आला. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, मग कैदखाना. मराठीनं स्वतःहूनही हीच वाट काढली होती: खोड, आणि त्याचा खोडा.)

आख्यायिका अशी की त्या रात्री लियाँकूरचा ड्यूक राजाच्या शयनगृहात गेला. हे बंड आहे का, असं लुईनं विचारलं, आणि ड्यूकनं उत्तर दिलं की नाही, ही क्रांती आहे. संवाद असाच घडला की नंतर घडवला गेला, ते असो. ‘रेव्होल्युसिओं’ या शब्दाचं वजन त्याच उन्हाळ्यात बदललं हे नक्की. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फिरून मागे येणं. कोपर्निकसनं १५४३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावात तो ग्रहगोलांच्या फेऱ्यांसाठी वापरला. राज्यकारभारात आला तेव्हाही परतीचाच अर्थ घेऊन आला. १६६० मध्ये इंग्लंडात दुसरा चार्ल्स गादीवर परतला, त्या परतण्यालाही हा शब्द लावला गेला. फ्रेंचमध्ये तो बहुधा अनेकवचनी असे: राज्यांचे चढउतार, कालचक्राचे फेरे. जुलै १७८९ मध्ये निघालेल्या एका साप्ताहिकाचं नावही ‘पॅरिसच्या क्रांत्या’ असं अनेकवचनीच आहे. रोजची दंगल ही एकेक क्रांती. मग काही महिन्यांत सगळ्या मिळून एक झाली, आणि जी परत फिरत नाही तिलाच हे नाव उरलं.

मराठीतला शब्दही आकाशातूनच उतरला, हा योग मला फार विलोभनीय वाटतो. ज्योतिषशास्त्रात क्रांती म्हणजे विषुववृत्तापासून ग्रहाचं उत्तर किंवा दक्षिण अंतर, आणि क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा मार्ग. पण धातू वेगळा. लॅटिन शब्दात वळणं आहे, आपल्या शब्दात ‘क्रम्’, पाऊल टाकणं. संक्रांत तिची बहीण: सूर्याचं एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल. तिसरी वाट अरबीची. ‘इन्किलाब’च्या मुळाशी उलटं होणं आहे, अस्सल मराठीत उलथापालथ. फिरणं, पाऊल टाकणं, उलटणं. तीन भाषांनी एकाच घटनेची तीन चित्रं काढली. १७८९ चा फ्रान्स पाहिला तर मला आपलं चित्र सर्वांत खरं वाटतं, कारण तिथे एकेक पाऊल मोजता येतं. आणि त्यातली बरीचशी पावलं राजाच्या नावावरून गेलेली आहेत.

ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसातून व्हर्सायला चालत गेल्या आणि राजघराण्याला पॅरिसला घेऊन आल्या. गाड्यांबरोबर पीठ होतं. वाटेत त्या म्हणत होत्या की आम्ही पाववाला, पाववालीण आणि पाववाल्याचं पोर आणतोय. राजाला मिळालेलं ते नवं नाव मी थट्टेचं मानत नाही. राजानं काय करायचं असतं याची ती बाजारातली व्याख्या होती. त्याच आठवड्यात सभेनं बिरुद बदललं: ‘फ्रान्सचा राजा’ हा आता ‘फ्रेंचांचा राजा’. आधी तो भूमीचा धनी होता, आता माणसांचा झाला, आणि माणसं आपला राजा बदलू शकतात.

२० जून १७९१ च्या रात्री लुई कुटुंबासह पळाला. मुलांची दाई कॉर्फ नावाची रशियन बॅरोनेस बनली, राणी मुलांची शिक्षिका, आणि राजा त्या बॅरोनेसचा नोकर. त्या नोकराचं नाव ठरलं द्युराँ. हे आडनाव ‘टिकणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं आहे, टिकणारा. सीमेकडे जाताना साँत-मनूच्या टपालठाण्याच्या द्रुएनं त्याला ओळखलं आणि पुढे घोडा दामटून व्हारेन गावात वाट अडवली. गाव झोपलेलं, घंटा वाजू लागली. किराणा आणि मेणबत्त्या विकणाऱ्या सोस नावाच्या गावकारभाऱ्यानं या प्रवाशांना आपल्या घरात, दुकानावरच्या खोलीत नेलं. द्युराँ आपण द्युराँच असल्याचं सांगत राहिला. मग गावातल्या एका न्यायाधीशाला उठवून आणलं. तो व्हर्सायमध्ये राहिलेला होता. खोलीत शिरताच त्यानं गुडघा टेकला. त्या एका सवयीपुढे टोपणनाव टिकलं नाही, आणि लुईनं कबूल केलं की मीच तुमचा राजा. एका राजभक्ताच्या नमस्कारानं राजा पकडला गेला. पॅरिसला बातमी कळली तेव्हा लोकांनी दुकानांच्या पाट्यांवरून, खाणावळींच्या फलकांवरून ‘राजा’, ‘राजेशाही’ ही अक्षरं खरवडायला घेतली. सभा अजून ठरवतच होती, पण पाट्या आधी कोऱ्या झाल्या.

पुढचं नाव ‘मस्यू व्हेटो’. १७९१ च्या घटनेनं राजाला कायदे काही काळ रोखून धरायचा अधिकार दिला, आणि तो वापरल्यावर राजा व राणी दोघांना हे नाव चिकटलं. ‘व्हेटो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी मनाई करतो’. रोममध्ये हा हक्क प्लेब्सच्या कैवाऱ्यांचा, उमरावांच्या सत्तेला थोपवण्यासाठी. तोच हक्क पॅरिसमध्ये राजाच्या हाती जाऊन प्लेब्सवर उलटला. (याच व्हेटोच्या वादात सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसू लागले, आपले डावे-उजवे तिथले.) १० ऑगस्ट १७९२ ला लोकांनी त्युइलरीचा राजवाडा घेतला. त्युइलरी म्हणजे कौलांच्या भट्ट्या. राजवाडा होण्याआधी तिथे कौलं भाजत.

डिसेंबरात खटल्यासाठी बोलावलं तेव्हा हुकमात नाव होतं ‘लुई कापे’. राजांना आडनाव नसे. आठशे वर्षांपूर्वीच्या मूळपुरुषाचं, ह्यूग कापेचं, टोपणनाव शोधून ते लुईला लावलं गेलं. ते माझं नाव नव्हे, माझ्या एका पूर्वजाचं होतं, असं तो म्हणाला. भाषेच्या अंगानं तो बरोबर होता. ‘कापे’ म्हणजे बहुधा अंगावरच्या झग्यावरून पडलेलं नाव. पण आडनाव देणं हाच तर निवाडा होता. आडनाव असलेल्या माणसांवरच खटला चालतो. २१ जानेवारी १७९३ ला त्याचा शिरच्छेद झाला.

त्याआधीच, २१ सप्टेंबर १७९२ ला, नव्या सभेनं राजेशाही रद्द केली होती. नवलाची गोष्ट अशी की त्या दिवशी प्रजासत्ताकाची घोषणा कुणी केली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच ठरलं की यापुढे सरकारी कागदांवर ‘प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष’ अशी तारीख घालायची. युरोपातल्या एवढ्या मोठ्या राजवटीची जागा घेणारा शब्द कागदाच्या माथ्यावरच्या तारखेतून आत आला. आणि ‘रेस पुब्लिका’तल्या ‘पुब्लिका’च्या मुळाशी ‘पोपुलुस’ आहे. तीन वर्षांपूर्वी ज्या शब्दाला सभा बिचकली होती तो आता राज्याच्या नावात होता, आणि ‘रियँ’वाल्यांची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या नावावर झाली होती.

आपण यासाठी ‘प्रजासत्ताक’ म्हणतो, आणि त्याच्या शेजारी ‘लोकशाही’. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही या शब्दांत जी ‘शाही’ आहे तीच ही, फारसी शाहाची. शाहाच्या जागी लोक बसले, आसन तेच राहिलं. मला हा शब्द कमी प्रतीचा वाटत नाही. ‘लोकांची वस्तू’ या लॅटिन कल्पनेपेक्षा ‘लोकांचं तख्त’ ही मराठी कल्पना अधिक रोखठोक आहे. ‘सत्ता’ हा शब्द तर आणखी खोल जातो. संस्कृतात सत्ता म्हणजे नुसतं असणं. मराठीनं त्या ‘असण्या’ला अधिकाराचा अर्थ दिला. ज्याला अधिकार नाही तो असून नसल्यासारखा, हेच तर सियेसचं ‘रियँ’.

राजा गेल्यावर माणसांची नावं बदलली. ‘मस्यू’ म्हणजे ‘माझे धनी’, म्हणून तो गेला आणि प्रत्येक जण ‘सित्वाये’, नागरिक. वरच्याला ‘तुम्ही’ आणि खालच्याला ‘तू’ ही रीत मोडायची म्हणून १७९३ च्या अखेरीस सरकारी पत्रांतही सगळ्यांना ‘तू’. अख्खी राजधानी अरे-तुरेवर आली. मराठीत ‘तू’ आईला आहे, देवाला आहे, आणि घरकामाच्या बाईलाही आहे, म्हणून एका सर्वनामात जवळीक आणि अपमान कसे शेजारी राहतात हे आपल्याला ठाऊक आहे. पॅरिसच्या लोकांनी त्यातलं अपमानाचं टोक मोडून काढायचा प्रयत्न केला. काही वर्षांत ‘तुम्ही’ परत आला.

गुडघ्यापर्यंतची तंग विजार, ‘क्युलोत’, हा उमरावांचा वेश. ती न घालणारे ‘साँ-क्युलोत’; आधी हिणवण्यासाठी, मग अभिमानानं. हे लोक घालत ती लांब ‘पांतालों’. इटालियन नाटकांतल्या पांतालोने या व्हेनिसच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या पायघोळ विजारीवरून ते नाव पडलं, फ्रेंचातून इंग्रजीत गेलं आणि तिथून मराठीत येऊन ‘पाटलोण’ झालं.

‘नागरिक’ शब्दाबद्दल मात्र मला तक्रार आहे, आणि ती फ्रेंचांच्या ‘सित्वाये’बद्दलही आहे. कामसूत्रातला ‘नागरक’ म्हणजे शहरातला सुखवस्तू रसिक. चंदन, फुलं, मैफली यांत रमलेला. त्या शब्दात पुरुष आहे, पैसा आहे, शहर आहे. फ्रान्समध्येही १७८९ च्या अखेरीस सभेनं नागरिकांचे ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ असे दोन भाग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष तेवढा सक्रिय. बायका आणि घरगडी निष्क्रिय. व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांना ‘सित्वायेन’ हे संबोधन मिळालं, मत मिळालं नाही. ऑलँप द गूज हिनं १७९१ मध्ये स्त्री आणि नागरिकेच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला; नोव्हेंबर १७९३ मध्ये तिचाही गळा राजासारखाच गिलोटीनखाली गेला. शिवाय ही सगळी नामावळी फ्रेंच भाषेत होती. १७९४ मध्ये ग्रेग्वार या प्रतिनिधीनं सभेला सांगितलं की निदान साठ लाख फ्रेंच माणसांना फ्रेंच येत नाही. एवढ्या माणसांपर्यंत ‘राष्ट्र’ आणि ‘नागरिक’ हे शब्द परकी भाषेतल्या हुकमासारखे पोचले असतील.

आता तो शब्द, ज्याच्याशिवाय हा इतिहास सांगता येत नाही: ‘तेरर’. आपण ‘दहशत’ म्हणतो. तो अरबी-फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी थक्क होणं आहे. पण ‘तेरर’चा खरा नातलग आपल्याकडे दुसराच आहे: ‘त्रास’. लॅटिन ‘तेर्रेरे’ आणि संस्कृत ‘त्रस्’ हे एकाच मुळाचे, भीतीनं थरथरणं हा दोघांचा अर्थ. संस्कृतात त्रास म्हणजे भय. मराठीत तो झिजत झिजत डोकेदुखीपर्यंत आला. फ्रान्समध्ये उलट झालं. १७९३-९४ मध्ये त्या शब्दाला सरकारी धोरणाचं रूप आलं, आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये सरकारातल्या रोबेस्पिएरनं सभेत तेररची सद्‌गुणाशी जोडी लावली. शब्दाला इतक्या प्रतिष्ठेच्या जागी बसवलं की त्याच्या हाताखालची माणसं दिसेनाशी होतात. ‘तेररिस्त’, दहशतवादी, हा शब्द रोबेस्पिएरच्या पाडावानंतर त्याच्या विरोधकांनी रुजवला. १७९८ च्या फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाला क्रांतीनं आणलेल्या नव्या शब्दांची पुरवणी जोडली आहे, तिच्यात तो आहे. म्हणजे पहिले दहशतवादी सरकारात बसलेले होते.

रोबेस्पिएरचा पाडाव झाला ९ तर्मिदोरला. महिन्यांची नावंही क्रांतीनं नवी केली होती, ती फाब्र देग्लांतीन या नाटककारानं. तर्मिदोर हा उन्हाचा महिना. त्यातला ग्रीक ‘थेर्मोस’ संस्कृत ‘घर्म’चा भाऊ, आणि घर्मातून मराठी ‘घाम’. वसंतातला महिना जर्मिनाल, कोंब फुटण्याचा. लॅटिन ‘गेर्मेन’ आणि आपला ‘जन्म’ एकाच धातूकडे जातात असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी गुंडाळण्याच्या सरकारी हुकमात खाडाखोड केल्याच्या आरोपावरून फाब्रला ५ एप्रिल १७९४ ला गिलोटीनवर चढवलं, तेव्हा त्यानंच नाव दिलेला जर्मिनाल चालू होता.

यानंतर शब्द टिकले आणि अर्थ निसटत गेला. १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला, तरी १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ असं कोरलेलं सापडतं.

हीच शब्दावळ शंभर वर्षांनी लिस्बनमार्गे आपल्या किनाऱ्याला लागली. १ फेब्रुवारी १९०८ ला पोर्तुगालचा राजा कार्लुश आणि युवराज यांना भर चौकात गोळ्या घातल्या गेल्या; ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनच्या नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झालं आणि वीस वर्षांच्या मानुएल राजानं एरिसेराच्या किनाऱ्यावरून बोट गाठली. पुढच्या वर्षी नाण्याचं नाव बदललं. ‘रेआल’ म्हणजे राजाचा. त्याच्या जागी ‘एश्कूदु’, ढाल. गोव्यातल्या हिंदूंना त्या प्रजासत्ताकानं बरोबरीचे नागरी हक्क दिले, आणि चार शतकं धर्माच्या नावावर जे दाबलं गेलं होतं त्याला थोडा मोकळा श्वास मिळाला. मग लिस्बनमध्ये हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्यानं गोवेकर पुन्हा राखलेली रयत झाले, राज्याचं नाव मात्र ‘रेपुब्लिका’च राहिलं. ४ जुलै १९३० ला लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधान मंडळात ठराव मांडला की सर्व लोकांना आपलं भवितव्य स्वतः घडवण्याइतकं पूर्णत्व गाठायचा हक्क आहे आणि पोर्तुगीज भारत तो सोडत नाही. ठराव पोर्तुगीजमध्ये होता, आणि ‘लोक’ या अर्थी त्यांनी त्यात वापरलेला शब्द ‘पोवु’, म्हणजे व्हर्सायच्या सभेत ज्याच्या अर्थावरून वाद झाला तोच ‘पोपुलुस’.